चाकं उचलेपर्यंत

‘विमानाची चाकं उचलेपर्यंत गाडी हलवू नका, ताई. वारं बघा कसं सुटलंय.’

विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाड्या लावून घेणाऱ्या शिट्टीमावशींनी मला हे सांगितलं, तेव्हा मी हसून मान डोलावली आणि मनात म्हटलं, यांना काय माहीत. माझ्या हातात मोबाईल होता. विमान किती वाजता उडणार, किती वाजता उतरणार, सगळं त्यात दिसत होतं. मागच्या सीटवर माझी नऊ महिन्यांची लेक, गाडी सुरू केल्यावर, नुकतीच पुन्हा झोपली होती, आणि ती गाडी चालू असेपर्यंतच झोपते हे मला चांगलं ठाऊक होतं. शिवाय पार्किंगचा पहिला अर्धा तास फुकट होता आणि माझी एकोणतीस मिनिटं होऊन गेली होती. मी फाटकाच्या दांड्याखालून गाडी बाहेर काढली आणि घरचा रस्ता धरला.

मी निष्काळजी नाही. माझ्या नवऱ्याच्या मते तर मी झोपेतसुद्धा काळजी करते. लेकीच्या अंघोळीचं पाणी मी आधी कोपराने बघते, मग मनगटाने, मग पुन्हा कोपराने. बाबांना एकट्याने विमानात बसवायचं ठरल्यापासून पंधरा दिवस मी याद्या करत होते. आणि त्या दिवशी जे झालं त्यातलं निम्मं माझ्या त्या याद्यांमुळेच झालं.

बाबा वीज कंपनीत ऑपरेटर होते. चौतीस वर्षं सबस्टेशनमध्ये काढून निवृत्त झाले. आता आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून एकटे राहतात आणि जेवायला माझ्याकडे येतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ‘जरा धुरकट दिसतं, बाकी काही नाही,’ असं ते सांगायचे. रोज सकाळी माझ्याकडे आले की पेपर उघडून बसायचे आणि मला स्वयंपाकघरात ऐकू येतील असे मथळे वाचायचे, त्यामुळे मलाही ते खरं वाटायचं. दादाच्या, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या शहरात डोळ्यांच्या एक नावाजलेल्या डॉक्टर आहेत. त्यांची तारीख तीन महिने थांबून मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता. ती हुकली की पुन्हा तीन महिने. तिथवर गाडीने तेरा तास आणि विमानाने एक. मला तान्ह्या लेकीला घेऊन जाणं जमेना, आणि दादाला रजा मिळाली होती ती ऑपरेशनपुरती.

‘मी एकटा जातो,’ बाबा म्हणाले. ‘मी काय पार्सल आहे, कुणी हातात आणून द्यायला?’

आमच्या घरापासून विमानतळ चाळीस किलोमीटर. सिमेंटचे पाइप करणारा एक कारखाना संपला की डावीकडे विमानाचं चित्र असलेली पाटी आहे. ती वळण येऊन गेल्यावर दिसते, त्यामुळे प्रत्येक जण पहिल्यांदा चुकतो. मीही चुकले. परत वळताना बाबा म्हणाले, ‘पाटी लावणाऱ्याला घर सापडलं का, ते विचारायला हवं.’

वाटेत त्यांनी परमिटची गोष्ट पुन्हा सांगितली. ती मी शंभर वेळा ऐकली आहे. लाइनमन खांबावर चढण्याआधी ऑपरेटरकडून परमिट घेतो आणि ऑपरेटर तेवढी लाइन बंद करतो. काम झालं की त्याच लाइनमनने येऊन परमिट परत करायचं, मगच लाइन चालू. साहेबाचा फोन येवो, अर्ध्या गावाचा फोन येवो, ऑपरेटरने स्विचला हात लावायचा नाही. ज्याने बंद कर म्हटलं, त्यानेच चालू कर म्हणायचं. चौतीस वर्षांत बाबांच्या स्विचवर एकाही माणसाला इजा झाली नाही. घरीही त्यांचं तेच. गॅस मी बंद करायला सांगितला असेल, तर दूध फाटलं तरी चालेल, मी सांगेपर्यंत चालू करायचे नाहीत.

पार्किंगमध्ये शिरलो तर शिट्टी वाजलीच नाही. सगळ्या गाड्यांना वाजवणाऱ्या त्या बाई आमच्या मागच्या काचेतून आत डोकावल्या, झोपलेली लेक पाहिली आणि शिट्टी तोंडातून काढून नुसत्या हाताने आम्हाला आत घेतलं. पन्नाशीच्या, खाकी शर्ट, कॅनव्हासचे बूट, खिशात खडू. एक ड्रायव्हर ‘ओ शिट्टीमावशी’ म्हणून हाक मारत होता, त्यावरून नाव कळलं. मी झाडाखाली गाडी लावायला गेले तर त्यांनी मला उन्हात लावायला लावली. मी चिडले. ‘आत्ता ऊन आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण विमान उडायच्या वेळेला पाण्याच्या टाकीची सावली इथे येते. झाडाची तोवर निघून जाते.’ मी थांबणारच नव्हते, म्हणून त्या सावलीचं मला काही वाटलं नाही. आता आठवतं तेव्हा वाटतं, कुठली गाडी किती वेळ थांबणार आणि ऊन कुठून कुठे सरकणार, एवढा हिशेब डोक्यात ठेवून ही बाई अख्खं मैदान हलवत होती.

गाडीतून उतरण्याआधी मी बाबांच्या कानात कापूस घातला. विमानात कानाला दडे बसतात असं मी तीन ठिकाणी वाचलं होतं.

‘मी सांगेपर्यंत काढायचा नाही,’ मी बजावलं. ‘उतरलात की मी फोन करीन, तेव्हा काढा.’

‘बरं. परमिट तुझ्या नावावर.’

गाडी बंद होताच लेक उठली होती, तिला कडेवर घेऊनच मी बाबांबरोबर आत गेले. आत सगळं एका खोलीत मावेल एवढंच. बॅगेचं वजन करणारा काउंटरवाला बॅगेला चिठ्ठी लावून पळत पलीकडे गेला आणि तिथे उभा राहून लोकांचे बोर्डिंग पास फाडू लागला. थोड्या वेळाने काचेतून पाहिलं तर तोच विमानापाशी दोन्ही हातांनी खुणा करत होता. मी ते बाबांना कानाशी सांगितलं, तर ते खूष झाले. ‘एवढी कामं करतो आणि घाम नाही,’ म्हणाले. काउंटरवाल्याने व्हीलचेअर देऊ केली, बरोबर एक माणूसही. बाबांनी ती अशी नाकारली की त्या बिचाऱ्यालाच ओशाळल्यासारखं झालं. ‘पाय शाबूत आहेत माझे.’

दादाने फोनवर त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं: ‘बाहेर आलात की पार्किंगमध्ये तीन नंबरच्या खांबाला उभे राहा. मी येईपर्यंत हलायचं नाही.’ बाबांनी ते मला म्हणून दाखवलं आणि आत गेले. पाठमोरे, ताठ, डब्याची पिशवी छातीशी धरून. मी बाहेर आले तेव्हा शिट्टीमावशी चौकीच्या हिरव्या भिंतीवर खडूने एक उभी रेघ मारत होत्या. मला वाटलं, गाड्या मोजतायत. मग त्यांनी मला ते चाकांचं सांगितलं, आणि मी निघून गेले.

बारा वाजून पाच मिनिटांनी मी मोबाईल बघितला. हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, लँडेड. वेळसुद्धा बरोबर, अकराला उडालेलं, तासाभरात उतरलेलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. बाबांना फोन केला, तो बंद. म्हटलं, चालू करतील. लेकीला भरवायला घेतलं.

साडेबाराला दादाचा फोन.

‘अगं, बाबा कुठेत?’

‘कुठेत म्हणजे? उतरले ना.’

‘इथे काही उतरलेलं नाही. इथे एवढी धूळ आहे की समोरचा माणूस दिसत नाहीये. विमान अर्ध्यातून परत फिरवलं म्हणतात.’

मी मोबाईल पुन्हा उघडला. लँडेडच्या खाली बारीक अक्षरांत विमानतळाचं नाव होतं. आमच्याच. ते मी वाचलं नव्हतं.

त्यानंतरची दहा मिनिटं आम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांना आणि विमान कंपनीला फोन करत राहिलो. कंपनीत बराच वेळ संगीत वाजायचं, मग एक आवाज एक दाबा, दोन दाबा म्हणायचा. बाबांचा फोन बंदच. मग मी लेकीला अर्धवट भरलेल्या तोंडानिशी गाडीत बसवलं आणि निघाले.

ते चाळीस किलोमीटर मी कसे कापले ते विचारू नका. लेक रडत होती आणि मी तिला सांगत होते की काही नाही झालं, काही नाही झालं. खरं तर मी ते मलाच सांगत होते. विमान गेलं की त्या इमारतीला चारपर्यंत कुलूप लागतं, हे मी सकाळी वाचलेलं आठवलं. बाबांना साखरेचा त्रास आहे, एक वाजता जेवण चुकलं की त्यांचे हात थरथरतात. ते चक्कर येऊन पडले असतील. ते मला शोधत रस्त्याला लागले असतील, त्या पाइपच्या कारखान्यापाशी, जिथे ट्रक वळतात. विमानाची पाटी या खेपेला मी बरोबर पकडली.

दांड्यापाशी शिट्टीमावशी उभ्या होत्या. मी काच खाली करून तोंड उघडायच्या आत त्या बोलल्या.

‘आहेत. तीन नंबरला. जेवलेत. आधी गाडी टाकीच्या सावलीत घाला, लेकरू तापलंय.’

मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली आहेत. पण घाबरलेल्या माणसाला काय काय आणि कुठल्या क्रमाने सांगायचं, हे इतकं नेमकं कळलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

तीन नंबरच्या खांबाला एक मोठी छत्री सुतळीने बांधली होती. तिच्याखाली मावशींची प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत बाबा. पुढे कुणी गाडी घुसवू नये म्हणून एक नारिंगी शंकू ठेवला होता. मी लेकीला कडेवर घेऊन धावत गेले आणि त्यांच्या अगदी समोर उभी राहिले.

‘बाबा.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सभ्यपणे पाय मागे ओढून घेतले. मला जायला वाट दिली.

लेकीने वाकून त्यांचं नाक धरलं, नेहमी धरते तसं. बाबांनी तिची मूठ हातात घेतली, चाचपली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘ही तर आपली चिमणी. तुम्ही कुठल्या विमानाने आलात गं? आणि दादा कुठेय?’

मी त्यांच्या कानांतला कापूस काढला. ‘बाबा, आपण आपल्याच विमानतळावर आहोत. विमान परत आलं.’

‘ती बाईपण दीड तास तेच ओरडून सांगतेय,’ बाबा म्हणाले. ‘पण मी म्हटलं, एक तास सांगितला होता, एक तास लागला. पायऱ्या उतरलो, लोक गेले तसा बाहेर आलो, खांब विचारला. तीन नंबरचा खांब निघाला. आता आणखी काय पाहिजे?’

‘आणि कापूस का नाही काढलात?’

‘तू फोन करणार होतीस.’

‘फोन बंद होता तुमचा.’

‘विमानातल्या पोरीने बंद करायला सांगितला. तिने पुन्हा चालू करा म्हटलंच नाही.’ मग जरा थांबून, चूक कबूल करायची म्हणून नव्हे तर यंत्राचा दोष शोधल्यासारखं ते म्हणाले, ‘म्हणजे दोन्ही परमिटं एकमेकांत अडकली. हे असं होऊ शकतं, हे मला सुचायला हवं होतं.’

मावशी गाडीतून माझ्या लेकीची टोपी घेऊन आल्या होत्या; मी ती विसरले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

‘विमान परत येताना मी पाहिलं. मग माझ्या रेघा बघितल्या. आज एकट्या माणसांच्या तीन रेघा होत्या. दोघं आत सापडले, हे नव्हते. बघते तर इथे उभे, उन्हात. काउंटरवाल्याला बोलावून आणलं. तो म्हणाला, आत चला, चार वाजता दुसरं विमान सोडणार आहेत. हे म्हणतात, माझा मुलगा येतोय, हलू नको म्हणालाय. तिकिटावर तुमच्या भावाचा नंबर, तो सारखा एंगेज. तुमचा नंबर माझ्याकडे नाही. थांबला असतात तर घेतलाच असता.’

त्या हे टोचून बोलल्या नाहीत. म्हणून जास्त लागलं.

‘मग म्हणाले, तोंडी निरोप मी मानत नाही, लिहून द्या. मी इथे खाली खडूने लिहिलं. हे बघा.’

माझ्या पायांशी, डांबरावर, हातभर उंचीची अक्षरं होती: विमान परत आलं आहे. तुम्ही घरीच आहात.

‘मी विचारलं, वाचलं का? म्हणाले, हो, वाचलं. आणि मान हलवली.’ मावशींनी आवाज आणखी खाली आणला. ‘पण बघत होते तिकडे, कुंपणाकडे. तेव्हा मला कळलं, ताई. त्यांना दिसत नाही. मग मी वाद घातला नाही. खुर्ची आणली, एक वाजला म्हणून सांगितलं, डबा उघडून दिला. छत्री उन्हाबरोबर फिरवत राहिले. कुणीतरी येणार हे मला माहीत होतं.’

मी पुन्हा जाऊन बाबांच्या शेजारी, डांबरावरच बसले. लेक त्यांच्या मांडीवर छत्रीची सुतळी ओढत होती.

‘बाबा, पेपर?’

त्यांनी लेकीच्या मुठीतून सुतळी हलकेच सोडवली.

‘रेडिओवर सकाळच्या बातम्या ऐकून यायचो,’ मग म्हणाले. ‘तुझ्यामागे आधीच एवढं. त्यात आणखी एक लेकरू कशाला?’

मला रागवायचं होतं. कुणावर ते कळेना. रोज सकाळी मी त्यांच्यापासून चार पावलांवर असायचे. लेकीच्या डोळ्यांत साधं काजळ घालायलासुद्धा मी डॉक्टरांना विचारते, आणि पेपर उलटा आहे की सुलटा, हे एकदा वळून बघितलं नव्हतं.

तीनला काउंटरवाला आला. धूळ बसली होती, चारचं विमान नक्की होतं. तो पुन्हा व्हीलचेअर घेऊन आला होता, पण ती पाठीमागे लपवल्यासारखी धरली होती. बाबांनी चाकांचा आवाज ओळखला आणि मान ताठ केली.

‘आजोबा,’ मावशी म्हणाल्या, ‘या खेपेला परमिट माझ्या नावावर. या चाकांच्या खुर्चीतून उठायचं ते तुमच्या मुलाचा हात हातात आल्यावर. तो मला फोन करून सांगेल, पोचले म्हणून. तोवर माझ्या भिंतीवरची रेघ पुसायची नाही, आणि तोवर मी घरी जायची नाही. मला सहाची बस असते. आता बघा तुम्ही.’

बाबांनी विचार केला. ‘लेखी?’

मावशींनी त्यांचा पंजा ओढून घेतला आणि तळहातावर खडूने एक रेघ मारली. बाबांनी दुसऱ्या हाताच्या बोटाने ती चाचपून पाहिली आणि उठून व्हीलचेअरमध्ये बसले.

‘तुमच्यासारखी माणसं आमच्या सबस्टेशनला पाहिजे होती,’ ते जाताना म्हणाले. बाबांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. आईलासुद्धा ते मिळालं नव्हतं.

या वेळी मी थांबले. गाडी टाकीच्या सावलीत होती, आणि मी लेकीला घेऊन कुंपणाच्या जाळीशी. मावशी शेजारी. चारच्या विमानासाठी आलेल्या गाड्या त्यांनी कधीच रांगेत लावून टाकल्या होत्या. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, आणि आमच्या समोरून सुटलं. मी सकाळीही मोबाईलवर हेच पाहिलं होतं, एक ठिपका सरकताना. समोर ते वेगळंच होतं. जमीन पायांखाली गुरगुरली, लेकीने माझी मान घट्ट धरली, आणि पुढचं चाक उचललं, मग मागची.

‘उचलली,’ मावशी म्हणाल्या, आणि शिट्टी एकदाच, हलकीशी वाजवली.

‘आता जाऊ का?’ मी विचारलं.

‘जा की. चाकांपर्यंत तुमचं काम. पुढचं माझं.’

मी गेले नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी मावशींचा साधा फोन वाजला. पलीकडून दादा मोठ्याने बोलत होता, मलाही ऐकू आलं, आणि त्याच्यामागून बाबांचा आवाज, ‘तिला सांग, परमिट परत.’ मावशींनी अंगठ्याला थुंकी लावली आणि चौकीच्या भिंतीवरची शेवटची रेघ पुसली. मग पिशवी उचलून, शिट्टी खिशात टाकून बसच्या थांब्याकडे निघाल्या. मी त्यांना घरापर्यंत सोडते म्हटलं. ‘कशाला,’ त्या म्हणाल्या, ‘लेकीची झोपायची वेळ झाली तुमच्या.’

ऑपरेशन ठरल्या वेळेला झालं, दीड महिन्याने दुसऱ्या डोळ्याचंही. बाबा आता खरंच पेपर वाचतात, आणि छापणाऱ्यांच्या चुका मला स्वयंपाकघरात ऐकवतात. ते परत आले त्या दिवशी मी त्यांना आणायला विमानतळावर गेले, तेव्हा त्यांनी पार्किंगमध्ये आधी तीन नंबरचा खांब बघून घेतला, मग चौकीची भिंत, मग मावशींना. ‘तुम्ही वयाने माझ्यापेक्षा लहान आहात होय,’ म्हणाले. ‘आवाजावरून वाटलं नव्हतं.’

मी हे लिहून ठेवतेय ते एवढ्यासाठी. तुमच्याही घरात, गल्लीत, नाहीतर दूरच्या एखाद्या शहरात, ‘मला सगळं व्यवस्थित दिसतं, ऐकू येतं, जमतं’ असं म्हणणारं कुणीतरी असेल. आज त्यांना एक फोन करा. समोरच्या पेपरमधल्या कुठल्याही बातमीची दुसरी ओळ वाचून दाखवायला सांगा. मथळा नको, दुसरी ओळ. आणि फोन बंद लागला, तर चालू होईल म्हणून वाट बघू नका. जाऊन बघा.